चौदा कॅरेटचा उन्हाळा

एप्रिल सरत आला की मला थकवा येतो. वयाचा थकवा बाराही महिने असतोच, हा त्याहून निराळा. दुपारी खिडकीतून गरम वारा आत येतो, पडद्याची कड हलते, लांब कुठेतरी लग्नाचा बँड वाजायला लागतो, आणि मग हातातलं काम हातातच राहतं. परीक्षा संपलेल्या असतात, निकाल लागायचे असतात, घराघरांत बस्ता आणि दागिन्यांची खरेदी चाललेली असते. या दिवसांत मी नंदुरबारच्या सराफ बाजारातून जात नाही. रिक्षावाल्याला लांबचा रस्ता घ्यायला सांगते. तो कुरकुरतो, पण नेतो.

यंदा मात्र दागिने घरात चालून आले. माझ्या भावाची नात श्रेया विद्यापीठात दागिन्यांच्या आरेखनाचा अभ्यासक्रम करते. सुट्टीत आली आणि माझ्या पलंगावर मांडी घालून मोबाइलवर फोटो दाखवायला लागली. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रदर्शन भरवलं होतं. एका मुलाचा नमुना कुठल्याशा मोठ्या पेढीने घेतला. एकीला परदेशात शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. आधीच्या तुकडीतल्या दोघींनी मिळून स्वतःचं दुकान काढलं. श्रेयाच्या चांदीच्या कर्णफुलांना दुसरं बक्षीस होतं, तेही तिने दाखवलं. मी सगळ्यांना छान छान म्हणत गेले. मनापासूनच म्हणत होते, पण डोळे मिटायला लागले होते.

मग तिने विचारलं, "आत्याआजी, आजोबांनी केलेला एखादा दागिना आहे का गं आपल्याकडे? सरांना दाखवायचाय."

नाही म्हटलं. एकही नाही का, असं तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "सांगण्यासारखा एकच केला होता त्याने. तो नाही आता." ती हो का म्हणाली आणि पुढचा फोटो काढला. त्या उन्हाळ्याबद्दल बोलायचं तर आधी बराच श्वास लागतो.

आमचं घर शहाद्याच्या सोनार गल्लीत होतं. पुढे दुकान, मागे राहणं. आबा, म्हणजे आमचे वडील, पहाटे उठून ऐरणीला हात लावून नमस्कार करायचे आणि मगच चहा घ्यायचे. घरात आम्ही चौघं: आबा, माय, भाऊ आणि मी. भाऊ माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्याला लहानपणापासून चित्रं काढायचा नाद. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी आबांना दुकानात येऊन सांगितलं की या मुलाला मुंबईच्या कलाशाळेत घाला, तिथे धातुकामाचा वर्ग आहे, दागिन्यांची रेखाटनं शिकवतात. आबा नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी भट्टीतला कोळसा सारखा केला आणि जाऊ दे त्याला म्हणाले. एवढंच. नंदुरबारच्या स्टेशनवरून सुरतेच्या गाडीत आम्ही त्याला बसवलं तेव्हा मायने डोळ्याला पदर लावला होता, आणि आबा इंजिनाकडे बघत उभे होते.

सुट्टीत भाऊ आला की मोठाले कागद पसरून बसायचा. कागदावर आधी दागिना, मग त्याची मापं, मग उभा-आडवा छेद. आबा मागे हात बांधून बघत राहायचे. त्यांना त्यातलं सगळं कळायचं असं नाही, पण एखाद्या वळणावर त्यांचं बोट आपोआप कागदाकडे जायचं आणि भाऊ तिथे खोडून पुन्हा काढायचा. दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते असं. एरवी आमच्या घरात बाप-लेक फारसे बोलत नसत.

शेवटच्या वर्षी त्याने एका हाराचं रेखाटन केलं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला कपाशीची बोंडं उकलतात, चार पाकळ्या मागे वळतात आणि मधून पांढरं दिसायला लागतं. तशी लहान लहान बोंडं बारीक तारेला लटकलेली, आणि प्रत्येक बोंडात कापसाऐवजी चांदीचा एक कण. वार्षिक प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मुंबईच्या वर्तमानपत्रात नाव छापून आलं. ते कात्रण आबांनी कुणाला आपणहून दाखवलं नाही, मात्र दुकानात अशा जागी चिकटवलं की आलेल्या माणसाची नजर गेलीच पाहिजे. गल्लीने पेढे वाटले. मुंबईतल्या एका पेढीने भाऊला नमुने काढायला ठेवून घेतलं. सोनाराचा मुलगा टेबलखुर्चीवर बसून सोनारकी करतो, याचं गल्लीला फार अप्रूप होतं.

मग बासष्टची चीनशी लढाई झाली. शाळेच्या पटांगणात बायकांनी लढाईच्या निधीला हातातल्या बांगड्या काढून दिल्या. मायनेही एक दिली. त्याच हिवाळ्यात सरकारचा नियम आला: चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही, जुना मोडून केला तरी तोही चौदाच्या वर नाही. रेडिओवर तो ऐकताना कुणाला त्याचा नीट अर्थच लागला नव्हता. महिन्याभरात लागला. आमच्या गल्लीत सकाळपासून ऐकू येणारा हातोड्यांचा आवाज थांबला. शेजारच्या घरचे दोघे भाऊ भाजी विकायला बसले. पलीकडच्या एकाने किराणा दुकानात पुड्या बांधायचं काम धरलं. एका दूरच्या गावातल्या सोनाराने तेजाब पिऊन जीव दिल्याची बातमी आली. ती ऐकून मायने आमच्या दुकानातली तेजाबाची बाटली उचलली आणि ज्वारीच्या कणगीत, अगदी तळाशी, लपवून ठेवली. मी बघितलं होतं. आबांच्याही लक्षात आलं असणार, कारण बाटलीची जागा रिकामी होती आणि त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

होळीच्या आसपास भाऊ परत आला. पेढीने सगळ्यांनाच कमी केलं होतं. ट्रंक, वळकटी आणि ते बक्षिसाचं रेखाटन, अजून लाल फीत लावलेलं. त्याच्या वर्गातल्या मुलांची हकिकत तो जेवताना सांगायचा. एकजण घड्याळांच्या कारखान्यात लागला होता. एकजण साबणाच्या वड्यांची वेष्टनं काढत होता. सगळ्यांत हुशार म्हणायचे तो मुलगा मामाच्या लाकडाच्या वखारीवर बसला होता. सांगताना भाऊ हसायचा, पण भाकरी ताटात तशीच असायची.

मी त्या वर्षी मॅट्रिकला बसले होते. पेपर संपले होते, करायला काही नव्हतं. त्या उन्हाळ्यातल्या दुपारी आठवल्या की आधी शांतताच आठवते. आबा थंड भट्टीसमोर बसायचे. राख काढून जागा लख्ख केलेली, हत्यारं पुसून ओळीने मांडलेली, आणि ते समोर बसलेले. कुणी हाक मारली तर ओ द्यायचे. मध्येच जंत्री उचलायचे. तार ओढायची ती छिद्रांची पट्टी, तिच्या एकेका छिद्रातून उजेडाकडे बघायचे आणि खाली ठेवायचे. माय घरातून दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून डोकावून जायची. तिची सारी शक्ती त्या डोकावण्यात चालली होती. संध्याकाळी ती इतकी थकलेली असायची, जणू रानात दिवसभर निंदणी केली आहे.

अशाच एका दुपारी कळसाडीचे गिरधर पाटील आले. तापीकाठच्या गुजर पाटलांपैकी, ऊस-कापूस पिकवणारं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडची आधीची सगळी लग्नं आबांच्या हातच्या दागिन्यांत झाली होती. सोबत मुलगी होती, जमना, माझ्याच वयाची. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. पाटलांनी फडक्यातून आपल्या आईचे दागिने काढून ठेवले आणि आवाज खाली आणून सांगितलं की हे मोडून घरातल्या घरात, कुणाला न कळता, नवा हार करून द्या. तुम्ही आमचे घरचेच, बाहेर कोण सांगणार आहे.

आबा बराच वेळ त्या दागिन्यांकडे बघत होते. त्यातलं निम्मं त्यांच्या वडिलांच्या हातचं होतं. ते हो म्हणणार, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. दाराआड मायनेही ओळखलं, कारण तिने माझं मनगट धरलं. तपासणीची माणसं तालुक्यात फिरत होती. धरलं तर दुकान जाणार, आबा तुरुंगात जाणार.

तेव्हा भाऊ बोलला. चौदा कॅरेटचा करून देतो म्हणाला, नियमात बसेल असा. पाटलांना ते अपमानासारखं वाटलं. चौदा म्हणजे पितळ, सोयऱ्यांपुढे पोरीच्या गळ्यात पितळ घालू का, असं ते म्हणाले आणि फडकं पुन्हा बांधायला लागले. गाठ मारून झाली होती. पण जमना भिंतीकडे बघत होती. तिथे भाऊचं ते बक्षिसाचं रेखाटन टांगलेलं होतं. तिने वडिलांना त्यांच्या गुजर बोलीत हळूच काहीतरी सांगितलं. पाटलांनी भिंतीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. या मुलीने आजवर काही मागितलंच नव्हतं, असं त्यांनी नंतर मायला सांगितलं. आजीचे बाकीचे दागिने आहेत तसे घालायचे आणि त्यांतला एकच मोडून हा हार करायचा, असं ठरलं.

बावीस कॅरेटचं सोनं चौदाचं करायचं म्हणजे त्यात हीण घालायचं. तांबं आणि चांदी. मूस तापली, जुनं सोनं वितळून तिच्यात डोळ्यासारखं हललं. भाऊने वजन करून तुकडे बाजूला ठेवले होते. ते टाकायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं, पण हात पुढे होईना. घामाने त्यांची बंडी पाठीला चिकटली होती.

"जलमभर हीण काढं मी," ते म्हणाले. "आते घालानं शे."

आणि तुकडे मुशीत सोडले.

ते सोनं फार वाईट वागलं. फिकट, जरासं लालसर, आणि कडक. आबांनी तार ओढायला घेतली, ती तुटली. पुन्हा वितळवली, पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. आयुष्यभर सोनं त्यांच्या बोटांत मेणासारखं वळायचं. त्यांनी तुटलेला तुकडा तळहातावर घेतला आणि स्वतःशीच बोलले, "हाई सोनं मन्हा हातले वळखत नही." भाऊने तो तुकडा घेतला, तापवला, पाण्यात बुडवला, थोडा ओढला, पुन्हा तापवला. घाई करायची नाही, दर वेळी नरम करून मगच पुढच्या छिद्रात घालायची, हे त्याला वर्गात शिकवलं होतं. तार धरायची कशी, किती ओढ द्यायची, हे आबांच्या मनगटात होतं. मग एकाने तापवायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, असं सुरू झालं. मी शेगडीला वारा घालत बसायचे. बाहेर वैशाख पेटलेला, आत भट्टी पेटलेली. दुपारी आम्ही तिघं भिंतीला टेकून ताकाचे पेले तोंडाला लावायचो तेव्हा कुणाच्याच अंगात बोलण्याचं त्राण नसायचं. पण ती दमणूक निराळी होती. मायचं डोकावणं कमी झालं होतं.

ते कडक सोनं एका बाबतीत मात्र कामाला आलं. भाऊच्या रेखाटनात पाकळ्यांच्या कडा फार बारीक होत्या. चांगल्या सोन्यात त्या वाकल्या असत्या, या सोन्यात उभ्या राहिल्या. एकेक बोंड तयार होऊन पाटावर यायचं आणि आबा ते बोटाने फिरवून बघायचे.

शेवटी हार तेजाबात उजळायची वेळ आली. आबा घरात आले आणि मायला म्हणाले, "बाटली दे."

माय चुलीपुढे बसली होती. ती उठेना. तिने आबांच्या तोंडाकडे पाहिलं, किती वेळ पाहिलं. आबा तसेच उभे राहिले.

"कामले पाहिजे," ते म्हणाले.

मायने कणगीत दंडापर्यंत हात घातला आणि बाटली काढून दिली. आबा दुकानात गेले तशी ती भिंतीला टेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी जवळ गेले तर हाताने दूर सारलं. काही वेळाने तोंड धुऊन तिने भाकरी टाकायला घेतल्या.

उजळून, पुसून हार पाटावर ठेवला तेव्हा संध्याकाळचं ऊन दुकानात तिरपं आलं होतं. आबांनी तो हातात घेतला, उलटा केला, मागचा प्रत्येक सांधा नखाने तपासला. आबांचं हे बघणं भाऊला मुंबईच्या परीक्षकांहून अवघड गेलं असावं. तो नखं कुरतडत होता. "माले जमनं नसतं हाई," आबा म्हणाले आणि हार खाली ठेवून पाय मोकळे करायला बाहेर गेले. भाऊला बक्षीस मिळालं होतं, वर्तमानपत्रात नाव आलं होतं. पण तो इतका गप्प झालेला मी तेव्हाच पाहिला. दिवा लावायची वेळ झाली तरी तो तिथेच बसून होता.

लग्नाला मी आणि माय कळसाडीला गेलो. मांडवात बायका जमनाच्या गळ्याशी वाकून बघत होत्या. नमुना नवा आहे, नाजूक आहे, असं म्हणत होत्या, आणि जराशा बाजूला झाल्या की चौदा, चौदा असं कुजबुजत होत्या. सासूने बोंड बोटावर तोललं आणि फार हलकं आहे एवढंच म्हटलं. जमना मान ताठ ठेवून बसली होती. येताना बैलगाडीत माय म्हणाली की पोर सोसणारी दिसते. पुढे कळलं की सासरी गेल्यावर तो हार पेटीत गेला. सणावारालाही निघायचा नाही. लोक विचारतात, आणि सांगायला बरं वाटत नाही, म्हणून.

त्यानंतर आमचे दिवस जसे जायचे तसे गेले. मी मॅट्रिक झाले, पुढे शिक्षिका झाले. भाऊ शाळेत चित्रकलेचा मास्तर लागला. आबा चांदीकडे वळले. चांदीला बंदी नव्हती. डोंगरातल्या लोकांसाठी कडी-वाळे घडवून ते मोलगीच्या बाजाराला जायचे, धुळीने माखून परत यायचे आणि पाय शेकत बसायचे. भाऊ शाळा सुटली की त्यांच्याजवळ बसून सांध्यांना झाळ देऊ लागायचा. नवा हार काढायचं मात्र त्याने पुन्हा मनावर घेतलं नाही. कुणी विचारलं तर वेळ नसतो म्हणायचा. कुंचला धरलेल्या मुलांच्या पाठीवरून वाकून ओळ सरळ करून देण्यात त्याची सगळी नोकरी गेली. त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांतली दोन-तीन पुढे मुंबईच्या कलाशाळेत पोचली. त्यांचे निकाल आले की तो मला येऊन सांगायचा. स्वतःच्या बक्षिसाबद्दल सांगितल्याचं मला आठवत नाही. श्रेयाच्या त्या फोटोंतली मुलं पाहताना मला वाटत होतं, यांच्यापैकी किती जणांना आपलं काम गळ्यात घातलेलं बघायला मिळेल. मग वाटलं, आपण म्हातारे झालो, म्हणून असलं काही सुचतं.

काही वर्षांनी तो नियम उठला. गल्लीत पुन्हा हातोडे वाजायला लागले, पण आधीइतके नाहीत. बरेचजण परतलेच नाहीत. त्या वर्षीच्या लगीनसराईत, असंच ऊन असताना, जमना आली. मी सुट्टीत घरी होते. तिच्या कडेवर मूल होतं, सोबत दीर होता. दीर उंबऱ्याबाहेर थांबला. नणंदेचं लग्न होतं आणि सासूने सांगितलं होतं की तो चौदाचा हार गाळून, हीण काढून, चांगलं सोनं करून घ्या आणि त्यात भर घालून पोरीला काहीतरी भरीव करा.

भाऊने हार हातात घेतला. पेटीत राहिल्याने जसाच्या तसा होता. त्याने मान हलवली, करतो म्हणाला, आणि चांदीचे कण सोडवायला चिमटा शोधायला लागला.

जमनाने मूल माझ्याकडे दिलं. दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "भाऊ, मोडाना पहिले एकडाव गयामां घाली लेऊ का?"

भाऊने हार तिच्या हातात दिला. तिने पदर सारखा केला, मागे हात नेऊन फासा लावला आणि दुकानातल्या लहान आरशासमोर उभी राहिली. मूल माझ्या खांद्यावर झोपेला आलं होतं. तिने बघून घेतलं. लग्नात बघता आलं नव्हतं, तेव्हा मान खाली घालायची नव्हती आणि आरसा नव्हता. मग फासा काढून हार भाऊच्या तळहातावर ठेवला, मूल घेतलं आणि परवा येते म्हणून निघून गेली.

भाऊ भट्टीपुढे बसला. मूस पुढे घेतली, फुंकणी उचलली. आबा कोपऱ्यात वाळे घासत होते. ते उठले, गुडघ्यावर हात देत देत आले आणि फुंकणी त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू भाईर जाय," ते म्हणाले. "मी करस."

भाऊ बाहेर येऊन ओट्यावर बसला. मी त्याला पाणी आणून दिलं. त्याने तांब्या हातात धरून ठेवला, प्यायला नाही. आत आबा एकटे होते. गल्लीतून एक वरात गेली, तिच्यामागे धूळ उडाली आणि पुन्हा खाली बसली. आतून फुंकणीचा आवाज यायला बराच वेळ लागला.